वाईला जायचंय? सुरुवात नदीपासून करा

महाबळेश्वरला निघालेली बहुतेक मंडळी वाईत थांबतात ती फार तर पाऊण तास. गाडी लावायची, ढोल्या गणपतीला हात जोडायचे, घाटावर दोन फोटो काढायचे, चहा घ्यायचा आणि पसरणीच्या घाटाला लागायचं. माझं आजोळ वाईचं, त्यामुळे हे बघताना जीव हळहळतो. कुणी विचारलं की वाईत काय बघायचं, तर यादी सांगण्याआधी मी एवढंच सांगते: एक रात्र वाईत राहा. हे गाव नदीकडे तोंड करून वसलंय, आणि नदीकाठ बघावा तो दिवेलागणीला आणि उजाडताना. भर दुपारी आलेल्या माणसाला तापलेला दगड आणि गाड्यांची गर्दी एवढंच दिसतं.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी, मी घरच्या पाहुण्यांना ज्या क्रमाने फिरवते तोच क्रम इथे देते आहे.

पोचायचं कसं

पुण्याहून वाई नव्वदेक किलोमीटर. साताऱ्याच्या दिशेने महामार्गाने निघायचं, खंबाटकी घाट ओलांडला की सुरूर फाट्याला वाईकडे वळायचं. सुट्टीच्या दिवशी सकाळी खंबाटकीत गाड्या खोळंबतात, म्हणून एक तर सहाच्या आत पुणं सोडा, नाही तर सरळ दुपारी निघा. मी दुपारीच निघा म्हणेन, कारण मग संध्याकाळी नदीवर पोचता येतं. साताऱ्याकडून येणाऱ्यांनी पाचवडला वळायचं.

एसटीने येणार असाल तर स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वाईवरूनच जातात. रेल्वेने यायचं तर पुणे-मिरज मार्गावरचं वाठार स्टेशन त्यातल्या त्यात जवळ, पण तिथून पुढे तीसेक किलोमीटर रस्त्याने यावं लागतं. सामान जास्त असेल तर या वाटेला जाऊ नका.

गावात फिरायला गाडी लागत नाही. आळ्या अरुंद आहेत, चारचाकी आत घातली की वळवताना नाकीनऊ येतात. गाडी मुक्कामाच्या ठिकाणी किंवा मोकळ्या जागी लावा आणि पायी चला. मेणवली आणि धोमसाठी रिक्षा मिळते, वडापही (माणसं भरली की निघणारी खाजगी गाडी) मिळतं. वडापने जाणार असाल तर परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे चढतानाच विचारून घ्या.

पहिली संध्याकाळ: नुसतं घाटावर बसायचं

पोचलात त्या संध्याकाळी देवळांच्या मागे लागू नका. कृष्णा उगम पावते जुन्या महाबळेश्वरला, आणि डोंगरातून उतरल्यावर तिच्या काठचं पहिलं मोठं गाव म्हणजे वाई. गावाला दक्षिण काशी म्हणतात ते या घाटांमुळे आणि देवळांमुळे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी अशा आळ्या नदीच्या कडेने आहेत आणि आळीगणिक आपापला घाट. कुठल्याही आळीत शिरा आणि उताराच्या दिशेने चालत राहा, वाट नदीवरच जाते.

गणपती घाटावर गर्दी असते. तिथून काठाकाठाने दोन-तीनशे पावलं पुढे गेलात की आवाज कमी होतो. पायऱ्यांवर आज्या बसलेल्या असतात, पोरं खेळत असतात, कुणी गुडघाभर पाण्यात उभं राहून कपडे पिळत असतं. लहान लहान देवळांमधून एकेक दिवा लागतो. माझी आजी रोज संध्याकाळी घाटावर यायची आणि पाण्याला हात लावून तो कपाळाला लावायची. "कृष्णाबाईला सांगून आले" म्हणायची, शेजारणीकडे जाऊन आल्यासारखं. वाईकरांचं नदीशी नातं हे असं आहे. ते डोळ्यांनी बघितलंत की सकाळची देवळं वेगळी दिसतात.

सकाळ: आधी देवळाची पाठ बघा

उजाडताना ढोल्या गणपतीला जा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेलं हे देऊळ थेट नदीच्या पात्राला लागून आहे. आतली मूर्ती एकाच दगडातली, ऐसपैस बसलेली. नाव ढोल्या का पडलं ते बघताक्षणी कळतं. दर्शन घ्या, पण लगेच परत फिरू नका. लहानपणी मामा मला इथे आणायचा तेव्हा गाभाऱ्याकडे जाण्याआधी देवळाला वळसा घालायला लावायचा. "आधी पाठ बघ, मग पोट बघ," म्हणायचा.

पाठ म्हणजे गाभाऱ्याची मागची भिंत. ती सरळ नाही. दोन्ही बाजू तिरक्या येऊन मधोमध मिळतात आणि पुढे धार निघते, होडीच्या टोकासारखी. लोक तिला मत्स्याकार म्हणतात. पावसाळ्यात नदी चढली की लोंढा या धारेवर येतो, दुभंगतो आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जातो. सपाट भिंत असती तर पुराच्या पाण्याचा सगळा रेटा तिने छातीवर घेतला असता. अडीचशेहून अधिक पावसाळे ही धार पाणी कापते आहे. तिथे उभं राहून दगडावरून हात फिरवा. मागे वळून नदीच्या वरच्या अंगाला बघा आणि पूर कुठून येत असेल याचा अंदाज बांधा. शाळकरी मुलं बरोबर असतील तर दहा मिनिटं त्यांना इथेच सोडा, ती आपणहून प्रश्न विचारायला लागतात.

गणपतीच्या शेजारीच काशी विश्वेश्वर. हे देऊळ आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये बांधलं. भोवती प्राकार, आत दीपमाळा, आणि समोर काळ्या दगडाचा नंदी. या नंदीसाठी वेळ ठेवा. दगड इतका घोटीव आहे की सकाळची उन्हं अंगावर आली की तो ओला असल्यासारखा दिसतो. गळ्यातल्या माळा आणि पाठीवरची झूल जवळून बघा, पण बसायला किंवा टेकायला जाऊ नका. मुलांना नंदीवर चढवून फोटो काढणारे पालक दिसतात तेव्हा मी जाऊन सांगते. तुम्हीही सांगा.

रास्ते हे नाव वाईत पावलोपावली भेटेल. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव या तिघांचं हे आजोळ. पुण्यात सत्ता आणि वाईत माहेर, त्यामुळे पैसा नदीकाठी आला आणि त्याचे घाट आणि देवळं झाली. हे एवढं डोक्यात ठेवलं की कुठलं देऊळ कुणाचं ते पाठ करायची गरज राहत नाही. महालक्ष्मी आणि विष्णू यांची देवळंही त्याच काळातली आणि दोन्ही जवळच आहेत. वेळ असेल तर जा, नसेल तर चुकल्याची रुखरुख नको.

एक सूचना मनापासून. एकदा एप्रिलमध्ये पाहुण्यांना घेऊन मी दुपारी बारा वाजता घाटावर गेले. चपला देवळाबाहेर काढलेल्या आणि काळा दगड तव्यासारखा तापलेला. पाहुण्यांतल्या आजींच्या तळपायांना फोड आले. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर अनवाणी चालायची वेळ आणू नका, आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर पायमोजे घेऊन जा.

मेणवली: वाडा, घाट आणि एक घंटा

नाश्ता करून मेणवली गाठा. वाईपासून अंतर तीनेक किलोमीटर. हिवाळ्यात सकाळी चालत जायलाही छान वाटतं, दोन्ही बाजूंना ऊस आणि हळदीची शेतं लागतात.

इथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. नानांचं मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. जन्म १७४२ चा. पानिपतावर गेलेल्या आणि जिवंत परतलेल्यांपैकी ते एक. नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंनी, म्हणजे पेशव्यांच्या कारभाऱ्यांच्या गटाने, कारभार हाती घेतला त्यात नाना होते आणि पुढे १८०० मध्ये मृत्यू येईपर्यंत मराठी राज्याची सूत्रं बहुतांशी त्यांच्याच हाती राहिली. मेणवली गाव त्यांना इनाम मिळालं, तिथे त्यांनी हा वाडा आणि घाट बांधला.

वाडा सहा चौकांचा आहे. आत शिरताना डोकं सांभाळा, दारं बुटकी आहेत. सागवानी खांब, जाड भिंती, अंधारे जिने आणि काही दालनांत भिंतीवर उरलेली चित्रं. ही चित्रं ठिकठिकाणी उडालेली आहेत, म्हणून त्यांना हात लावू नका आणि फ्लॅश मारू नका. वाडा आजही खाजगी मालकीचा आहे, सरकारी संग्रहालय नाही. त्यामुळे आत जायला थोडे पैसे घेतात, कधी एखादा भाग बंद असतो, कधी चित्रीकरण चालू असलं की प्रवेशच नसतो. सुटे पैसे जवळ ठेवा आणि जाण्याआधी गावात कुणालाही विचारा, आज वाडा उघडा आहे का. बंद असला तरी निराश होऊ नका, मेणवलीचा खरा ठेवा वाड्याच्या मागे आहे.

मागच्या दाराने उतरलं की घाट लागतो. अर्धचंद्राकार, काळ्या दगडाचा, पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या. कृष्णाकाठी मी पाहिलेल्या घाटांत मला हा सगळ्यांत देखणा वाटतो. वाईच्या घाटाला बाजाराचा शेजार आहे, मेणवलीच्या घाटाला झाडांचा. हिंदी-मराठी चित्रपटांत हा घाट इतक्यांदा दिसलाय की पहिल्यांदा येणाऱ्यालाही ओळखीचा वाटतो. बरेच लोक तेवढीच ओळख पटवून घेतात आणि परततात. तुम्ही मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली घंटा बघा.

ही घंटा पंचधातूची आहे असं सांगतात. आपल्या देवळांतल्या घंटांपेक्षा कितीतरी मोठी, आणि आकारही वेगळा, खाली पसरट होत गेलेला. जवळ जाऊन बघितलंत तर तिच्या अंगावर मेरी आणि बाळ येशूची आकृती उमटलेली दिसेल आणि १७०७ हा आकडा. ही चर्चची घंटा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या आणि निरनिराळ्या देवळांत लागल्या. भीमाशंकरला तशी एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, आणि ही मेणवलीची. मामाने मला उचलून धरलं होतं तेव्हा माझं बोट त्या आकड्यातल्या सातावरून फिरलं होतं, तो गारवा अजून आठवतो. घंटेवरची ती आकृती कुणी घासून काढली नाही, फोडली नाही. लोक शंकराला नमस्कार करतात आणि तीच घंटा वाजवतात. वाजवायचीच असेल तर एकदाच, हळू. गाव जवळ आहे आणि आवाज लांबवर जातो.

मेणवलीसाठी दीड-दोन तास धरा. बहुतेकांना अर्धा तास पुरतो असं वाटतं, पण घाटावर बसलं की उठवत नाही.

धोम

मेणवलीहून तसंच पुढे धोमला जाता येतं, वाईपासून आठ-नऊ किलोमीटर. धोम म्हटलं की लोक धरणाची भिंत बघून परततात. मी धरणापेक्षा देवळाकडे पाठवते. धौम्य ऋषींच्या नावावरून गावाचं नाव पडलं असं मानतात. इथे नरसिंहाचं देऊळ आहे आणि शंकराचंही. शंकरासमोरचा नंदी बघण्यासारखा आहे. कमळाच्या आकाराचा दगडी हौद, त्या हौदात मधोमध कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. हौद पाण्याने भरलेला असला की कासव पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं. कोरडा असेल तर पाकळ्यांची कोरीव कड नीट बघता येते. दोन्ही वेळा जाण्यात मजा आहे.

धरणाच्या पाण्यात मात्र उतरू नका. काठ उथळ वाटतो आणि पुढे एकदम खोली लागते.

जेवण आणि दुपार

जेवायला फार शोधाशोध नको. पिठलं-भाकरी, झुणका, थालीपीठ, मटकीची उसळ असं घरगुती जेवण गावात मिळतं, आणि महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलांपेक्षा ते कधीही बरं. घरी न्यायला हळद घ्या. वाईच्या परिसरात ती पिकते, आणि ओळखीच्या दुकानातून घेतलेली हळद घरच्या डब्यात टाकली की फरक वासावरूनच कळतो.

दुपारी उन्हात फिरण्यापेक्षा आळ्यांमधून सावलीने हिंडा. वाई हे विद्येचं गाव आहे आणि ते देवळांच्या यादीत कुठेच दिसत नाही. इथली प्राज्ञपाठशाळा नारायणशास्त्री मराठे यांनी नावारूपाला आणली, तेच पुढे स्वामी केवलानंद झाले. १९१७ मध्ये विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन इथे त्यांच्याकडे शिकायला आले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेत घडले, आणि त्यांच्या हाताखाली मराठी विश्वकोशाचं काम वाईतच उभं राहिलं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आज वीस खंड आहेत. ज्ञानकोश म्हणजे मोठ्या शहरातलं, विद्यापीठाच्या आवारातलं काम असं आपल्याला वाटतं. ते या नदीकाठच्या गावात झालं. विश्वकोशाचं कार्यालय अजून वाईत आहे. ते कार्यालयच आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे, म्हणून घोळक्याने जाऊ नका. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, खरंच रस असेल तर जाऊन चौकशी करा.

पायांत बळ असेल तर आणखी एक दिवस काढा. पांडवगड मेणवलीच्या बाजूने चढता येतो, वैराटगड आणि कमळगडही याच परिसरात. लोहारे गावाजवळ पालपेश्वरची बौद्ध लेणी आहेत, तिथे बहुतेक वेळा तुमच्याशिवाय कुणी नसतं. पाणी बरोबर न्या आणि गडावर जायचं तर गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्या.

कधी यावं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी सर्वांत उत्तम. पावसाळ्यात महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस वाईपर्यंत येता येता बराच ओसरतो, म्हणून फिरता येतं. पण वर पाऊस झाला आणि धोममधून पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. अशा वेळी पाणी बघायचं ते लांबून. पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि प्रवाहाला ओढ असते. पोलिसांनी दोरी लावली असेल तर ती ओलांडू नका.

हिवाळा सरताना कृष्णाबाईचा उत्सव येतो. घाटाघाटावर, आळीआळीने, एकामागून एक. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला आणि १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेल्यावर उत्सव सुरू झाला, अशी आख्यायिका आहे. अफझलखान वाईचा आदिलशाही सुभेदार होता, त्यामुळे त्याची धास्ती इथे घरापर्यंत पोचलेली असणार. या दिवसांत घाटावर मांडव पडतो, कीर्तनं होतात, बायका ओटी भरायला येतात, पंगती उठतात. पाहुण्याला कुणी हटकत नाही. पंगतीत बसायला सांगितलं तर बसा, पानात टाकू नका, एवढंच.

रंगपंचमीला जवळच्या बावधन गावचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच टांगून नेणारा गाडा, निघतं. मोठं लाकडी बगाड बैलांनी ओढत कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून बावधनला आणतात. ते बघायचं असेल तर त्या दिवसासाठीच या, कारण त्या दिवशी वाई-सातारा बाजूला वाहनांना वाट मिळणं अवघड. आणि पौष पौर्णिमेच्या सुमारास मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा असते. तेव्हा वाईत गर्दी उसळते, मुक्कामाला जागा मिळत नाही. निवांत वाई बघायची तर हे दिवस टाळा.

नदीशी वागताना

कृष्णेचं पाणी सगळीकडे स्वच्छ नाही. उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो, जलपर्णी वाढते, सांडपाण्याचा वास येतो. हे सांगताना वाईट वाटतं पण लपवण्यात अर्थ नाही. तीर्थ म्हणून पाणी तोंडात घालू नका, हात जोडले तरी पोचतं. निर्माल्य, प्लॅस्टिकची पिशवी, जुन्या तसबिरी यांतलं काहीही नदीत सोडू नका. गावातले लोक सुट्टीच्या सकाळी पाण्यात उतरून कचरा उपसतात. त्यांच्या टोपल्यांत मी पाहिलेलं बहुतेक सगळं पूजेचंच सामान होतं. त्यांच्याबरोबर तासभर हात लावलात तर वाईत ओळखी आपोआप होतील.

निघताना

आता खुशाल पसरणीचा घाट चढा. पायथ्याचं पसरणी गाव शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. पाचगणीच्या अलीकडे सिडनी पॉइंटला गाडी थांबवा आणि कठड्यापाशी उभे राहा. खाली धोमचं पाणी दिसेल, त्याच्या पुढे शेतांमधून वळत गेलेली कृष्णा, आणि लांब वाई. पाण्यापासून बोट सरकवत नदीबरोबर खाली या. झाडांचा दाट पट्टा आला की ती मेणवली. त्याच्या पुढे घरांची दाटी सुरू होते ती वाई, आणि सकाळी हवा स्वच्छ असेल तर तिथे नदीला लागून एक शिखरही ओळखू येतं.